दोनचं रीडिंग

डॉक्टरांनी कागद खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "मिस्टर घाग, असा चार्ट माझ्याकडची शिकाऊ पोरंसुद्धा ठेवत नाहीत. सात दिवस, रोज सहा वेळा, आणि एक रकाना रिकामा नाही. काय करता तुम्ही?" मी सांगितलं, केमिकल प्लांटमध्ये ऑपरेटर आहे, ठाणे-बेलापूर रोडला. "तरीच!" ते म्हणाले. त्यांच्या मनात कौतुक असणार. मला तो शब्द तोंडात मारल्यासारखा लागला. माझी नऊ वर्षांची मुलगी स्मिता स्टुलावर बसून पाय हलवत होती, बायको अरुणा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, आणि डॉक्टरांचं बोट रकान्यांवरून खाली सरकत होतं. सकाळी आठ, दुपारी बारा, चार, रात्री आठ. एकशे अठ्ठावीस, एकशे तीस, एकशे बत्तीस. "दिवसा जरा जास्त आहे," ते म्हणाले. "पण हे बघा. रात्री दोनला एकशे आठ. पहाटे पाचला एकशे बारा. सातही रात्री असंच. झोपेत उतरतंय ना, मग काळजी नाही. मूत्रपिंडाची भानगड असती तर झोपेतसुद्धा हटलं नसतं. पोरगी हळवी आहे, बाकी काही नाही." अरुणाचा जीव भांड्यात पडला, तिनं सोडलेला श्वास मला शेजारी बसून ऐकू आला. मीठ कमी करा, लोणचं-पापड बंद, सहा महिन्यांनी दाखवा, आता ॲडमिट करायचं कारण नाही, असं सांगत डॉक्टरांनी माझ्या कागदाची घडी घातली आणि तो आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवला. "हा मी विद्यार्थ्यांना दाखवणार." कागद परत घ्यायला मी हात पुढे केला होता. तो तसाच मागं घेतला.

सात रात्रींचे चौदा रकाने. त्यातले तेरा मी सकाळी चहा पिता पिता भरले होते, मशीनची पेटीसुद्धा न उघडता. चौदाव्याची गोष्ट निराळी, पण ती त्या वेळी आठवायची माझी तयारी नव्हती. डॉक्टरांच्या दारापासून जिन्यापर्यंत फार तर पंधरा पावलं. प्रत्येक पावलाला वाटत होतं, आता मागं फिरावं, दार ढकलावं आणि म्हणावं, डॉक्टर, तो कागद खोटा आहे. त्यात कठीण काय होतं? पाच शब्द. पण पुढचा पेशंट आत शिरत होता, आणि अरुणा जिन्यावरून वळून म्हणत होती, "चला ना, अहो. आता कशाला रेंगाळताय? बस जाईल." दीड महिन्यात तिचा हा आवाज मी ऐकला नव्हता. फाटकाबाहेर तिनं स्मिताला शहाळं घेऊन दिलं, स्वतः घेतलं, मला म्हणाली, "तुम्ही पण घ्या. तोंड बघा कसं झालंय. सात दिवस झोप नाही बिचाऱ्यांना." हे ती शहाळेवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. शहाळेवाल्यानं माझ्याकडे आदरानं पाहिलं. पाणी गोड होतं, आणि मला त्या गोडीचाच राग आला.

हे सगळं सुरू झालं शाळेतल्या तपासणीपासून. वाशीच्या आमच्या शाळेत दर वर्षी दात, डोळे आणि वजन बघतात. यंदा आलेल्या डॉक्टरीणबाईंच्या काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी चौथीच्या मुलांचं प्रेशर मोजलं. स्मिताचं एकदा मोजलं, पुन्हा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं आणि घरी चिठ्ठी दिली. आमच्या सेक्टरमधले डॉक्टर चिठ्ठी वाचून हसले. "लहान मुलांना बीपी नसतं हो, मोठ्यांचा रोग आहे तो." समोरच्या मीनावहिनी तर म्हणाल्या, "इश्श, एवढ्याशा पोरीला बीपी? आमच्या ह्यांना ऑफिसात इतकं टेन्शन, त्यांना नाही. हिला कसलं टेन्शन, पाढ्यांचं?" आम्हीही हसलो. हसण्यासारखंच होतं. पण पोरगी वर्षभर डोकं दुखतंय म्हणून सांगत होती. अरुणा तिच्या टाळूवर तेल थापायची आणि मी म्हणायचो, "गणिताचा तास आला की बरं दुखतं गं तुझं!" एकदा नाही, पुष्कळदा म्हणालोय. शेवटी ती सांगायचीच बंद झाली. मग शाळेतल्या त्या डॉक्टरीणबाई स्वतः घरी आल्या आणि त्यांनी परळच्या या मुलांच्या दवाखान्याचा पत्ता हातात ठेवला. तिथं पहिल्या दिवशी एकशे चव्वेचाळीस भरलं. डॉक्टरांनी दोन्ही दंडांवर पाहिलं, मांडीला पट्टा बांधून पाहिलं, जांघेत बोट ठेवून नाडी पाहिली, लघवी तपासली. सगळं चांगलं. आकडा तेवढा वाईट.

"पांढरा डगला बघून मुलं घाबरतात," डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, "त्यामुळे माझ्यासमोरचा आकडा मी धरत नाही. प्रेशर म्हणजे काही एक ठरीव आकडा नाही, मिस्टर घाग. ते चढतं, उतरतं. पहाटे जाग यायच्या सुमाराला चढायला लागतं, दिवसभर वर असतं, रात्री झोपेत खाली येतं. मोठ्यांचं तसंच लहानांचं. मला हिचा तो चढउतार बघायचाय. झोपेत भीती नसते, म्हणून रात्रीची रीडिंगं महत्त्वाची. झोपेत उतरलं, तर प्रश्न मिटला. नाही उतरलं, तर ॲडमिट करू, शिरेतून औषध सोडून मूत्रपिंडाचे फोटो काढू. तिथली शीर चिंचोळी निघाली तर ऑपरेशन. जमलं ऑपरेशन, तर पोरगी ठणठणीत. पण कळलंच नाही, तर हे मुकाट्यानं मूत्रपिंड खाईल, डोळे खाईल, आणि मग एक दिवस मेंदू..." अरुणानं तेव्हा स्मिताचे दोन्ही कान हातांनी झाकून घेतले होते. डॉक्टरांनी मला पट्टा बांधायला आणि नळी कानात घालून ऐकायला शिकवलं. पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, ठोके विरतात तो खालचा. कागद आखून दिला, आणि कसं लिहायचं ते कळावं म्हणून कोपऱ्यात नमुन्याला एक आकडा लिहिला, एकशे आठ, खाली अडुसष्ट. लहान मुलांचा अरुंद पट्टाही त्यांनीच दिला. मोठ्यांचा पट्टा पोराला बांधला तर तो खोटं कमी दाखवतो, म्हणाले. बाकी पाऱ्याचं मशीन मी आमच्या कंपनीच्या डिस्पेन्सरीतून मागून आणलं.

बस चेंबूर सोडून मानखुर्दकडे लागली तशी अरुणाची मान डुलू लागली. स्मिता खिडकीशी होती. मी मध्ये, तिच्या बाजूला, आणि माझं मन एका जागी बसायला तयार नव्हतं. आपण एवढं काय मोठं केलं, असं मी स्वतःला विचारत होतो. मी काही चोर नाही. माझ्या धंद्यात याला खोटं म्हणतच नाहीत, याला 'शीट भरणं' म्हणतात. दर तासाला अठरा गेज वाचून लॉगशीटवर उतरवायचे असा नियम आहे. तेरा वर्षं मी त्या प्लांटवर आहे, आणि तेरा वर्षांत बाराचं, एकचं, दोनचं आणि तीनचं रीडिंग आम्ही चहाच्या ग्लासाशेजारी एकदमच भरलेलं आहे. काटा जिथं असायला हवा तिथंच असतो. मग कशाला उठायचं? आणि एखादा काटा भलतीकडे दिसलाच, तर आधी काचेवर टिचकी मारायची. तरी हलला नाही, तर गेज बिघडलं समजायचं, इन्स्ट्रुमेंटवाल्याला निरोप धाडायचा आणि शीटवर जो असायला हवा तो आकडा लिहायचा. शीट सरळ दिसली पाहिजे. सरळ शीटवर सुपरवायझर सही करतो, वाकड्या शीटवर प्रश्न विचारतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. हे मला कुणी शिकवलं नाही, पण मी पुढं पुष्कळांना शिकवलं.

शिकला नाही तो एकटा हिरामण. रबाळे गावचा. आमचा टँक फार्म, म्हणजे केमिकलच्या मोठ्या टाक्या, जिथं आहे तिथं त्याच्या बापाचं भातशेत होतं. जमीन गेली तेव्हा बदल्यात याला नोकरी लागली. नवा होता तेव्हा दर तासाला खांद्यावर फडकं टाकून निघायचा, प्रत्येक गेजची काच पुसायचा, वाकून बघायचा, ओठ हलवत आकडा घोकत परत यायचा आणि मगच लिहायचा. आम्ही त्याला 'पुजारी' म्हणायचो. एकदा भर पावसाळ्यात मी त्याला म्हटलं, "अरे बस की हिरामण. मागच्या तासाचंच लिही. कोण बघतंय?" तो म्हणाला, "बगल्याबिगर कसा लिवाचा, घागभाऊ? माजा बापूस मिठागरान रोज बोट बुरवून पानी चाखाचा. कालचा खारट व्हता म्हनून आज पन खारट आसल, आसा नाय व्हय." आणि रेनकोट चढवून गेला. आम्ही सगळे हसलो. माझं हसणं सगळ्यांत मोठं होतं, कारण मी त्यांच्यात सीनियर होतो.

बस खाडीपुलावर चढली. भरती होती. स्मिता एकाएकी म्हणाली, "बाबा, झोपेत प्रेशर उतरून कुठं जातं?" मी म्हटलं, "कुठं जात नाही, विश्रांती घेतं." तिनं त्यावर विचार केला. मग म्हणाली, "तुम्ही रात्री घेता ना, ते मला एकदा पण कळलं नाही. मी हात बाहेरच ठेवून झोपते, बाही वर करून. म्हणजे तुम्हाला ओढायला नको." मी तिच्याकडे बघू शकलो नाही. पुलाचे कठडे बघत राहिलो. सकाळी तिची ती वर केलेली बाही मी रोज पाहिली होती, आणि मला वाटलं होतं, पोरीला उकडत असेल. एवढीशी पोर आपल्या बापाची सोय बघून झोपते, आणि बाप काय करतो? मला तिथंच उठून बस थांबवावीशी वाटली. पण पुलाच्या मधोमध कोण उतरतो? अरुणानं डोळे उघडून विचारलं, "आलं का वाशी?" मी म्हटलं, "आलं."

घरी आल्यावर अरुणानं दारातूनच मीनावहिनींना सांगितलं, "काही नाही निघालं हो! हळवी आहे म्हणाले." मीनावहिनी म्हणाल्या, "मी म्हटलं नव्हतं? डॉक्टर लोकांना उगाच नसती लचांडं काढायची सवय." अरुणानं शिरा करायला घेतला. मला मात्र दोन खोल्यांत जागा पुरेना. गॅलरीत गेलो, पुन्हा आत आलो, पंखा लावला, बंद केला. अरुणा म्हणाली, "अहो, बसा की जरा स्वस्थ." सोसायटीत दुपारची सामसूम होती, समोर नव्या बिल्डिंगच्या पायाशी मजूर कमरेएवढ्या खड्ड्यात आडवे झाले होते. स्मिता शिरा खाऊन, फ्रॉकही न बदलता, कॉटवर झोपून गेली होती. उजवा हात चादरीबाहेर होता. मी तिच्याकडे बघत उभा राहिलो, आणि माझ्या लक्षात आलं की ती झोपली आहे. झोप म्हणजे झोप. तिला रात्रच लागते असं थोडंच आहे? हे सात दिवसांत मला सुचलं नव्हतं, की सुचू दिलं नव्हतं? मी पेटी उघडली. पट्टा गुंडाळताना ती हलली नाही. पारा वर चढवला, हळूहळू सोडला. एकशे चौतीसला पहिला ठोका कानात पडला. नव्वदला विरला. मी पाच मिनिटं थांबलो, तिचं पोट श्वासाबरोबर वरखाली होताना मोजत राहिलो, आणि पुन्हा घेतलं. एकशे बत्तीस. माझं बोट आपोआप काचेच्या नळीकडे गेलं, टिचकी मारायला, आणि मी ते दुसऱ्या हातानं धरलं.

आता चौदावा रकाना. पहिल्या रात्रीचे दोन. त्या रात्री मी उठलो होतो. बॅटरी उशाला धरून, पट्टा बांधून, कानात नळ्या घालून बसलो होतो, आणि ठोका एकशे तीसला आला होता. मी काचेवर टिचकी मारली होती. पुन्हा घेतलं, एकशे बत्तीस. पुन्हा टिचकी मारली. मनात म्हटलं, कान बधिरलेत, सेकंड शिफ्ट करून आलोय, रजा सकाळपासून; मशीनही डिस्पेन्सरीतलं, जुनं; डॉक्टर म्हणालेत झोपेत उतरतं, म्हणजे उतरलेलंच असणार. आणि मी कागदाच्या कोपऱ्यातला नमुन्याचा आकडा उचलून दोनच्या रकान्यात ठेवला. एकशे आठ, अडुसष्ट. जो असायला हवा तो. दुसऱ्या रात्रीपासून उठलोच नाही. आजवर मी स्वतःला सांगत आलो की थकलो होतो, डोळा लागला. डोळा कसला लागतो? तेरा वर्षं शिफ्ट करणाऱ्याला गजर लागत नाही, पाहिजे त्या मिनिटाला जाग येते. मला रोज बरोबर दोनला जाग येत होती. खाली अंथरुणावर मी, पलीकडे भिंतीशी अरुणा, कॉटवर पोर. मी डोळे मिटून पडून राहायचो, दूर रोडवरून कळंबोलीकडे जाणारे लोखंडाचे ट्रक ऐकत, आणि पाच वाजेपर्यंत तसाच. उठलो असतो तर पारा पुन्हा तिथंच थांबला असता. आळस नव्हता तो. मी घाबरलो होतो. आळशी म्हणवून घेणं सोपं पडतं, म्हणून मी स्वतःला आळशी म्हणत होतो.

घाबरणं हे आमच्या घरातलं जुनं आहे. लांज्याकडे आमच्या गावात माझा मोठा भाऊ सदू अकराव्या वर्षी गेला. सकाळी त्याचे डोळे सुजलेले असायचे, डोकं धरून पडवीत बसायचा. आई म्हणायची, "काय नाय झालंन त्याला, उन्हातसून हिंडतो नुसता." आजाराचं नाव घेतलं की तो घरात पाट मांडून बसतो, असं आमच्याकडे मानत, म्हणून कुणी नाव घेत नसे, कुणी विचारत नसे, कुणी वैद्याकडेही नेलं नाही. एका सकाळी त्याला आचके आले आणि दुपारपर्यंत संपलं. मी सात वर्षांचा होतो. त्याचं प्रेशर किती होतं कोण जाणे. कुणी मोजलं असतं तर तो वाचला असता का, हेही मला माहीत नाही. पण आपण शिकलो, शहरात आलो, सिडकोच्या फ्लॅटमध्ये राहिलो, तरी हातात मशीन असताना मी केलं ते आईनं केलं तेच. तिच्याजवळ निदान मशीन नव्हतं.

चारच्या सुमाराला बेल वाजली. हिरामण होता, सायकल खाली लावून वर आलेला, घामाघूम. "मशीन न्यावाला आलू, घागभाऊ," तो म्हणाला. "कंपाउंडर बोंबलतंय, आज पायजेच म्हनतो. पोरीचा कसा हाय?" मी काही बोलायच्या आत अरुणा आतून म्हणाली, "छान आहे हो हिरामणभाऊ! काही नाही निघालं. बसा, चहा टाकते." हिरामण खुर्चीच्या कडेला बसला. त्याचा चेहरा असा काही उजळला की मला बघवेना. "बरा झाला," तो म्हणाला. "आमची घरवाली गोजरा रोज इचारते. सांगतू तिला." अरुणानं चहा आणला, शिऱ्याची बशी आणली, आणि मग कॉटखालची पेटी ओढून, पट्टा नीट गुंडाळून आत ठेवून, झाकण लावून तिनं ती त्याच्यापुढं ठेवली. तिची घाई माझ्या नजरेतून सुटली नाही. हिरामणनं पेटी काखेत मारली. आता ती जिना उतरेल, सायकलच्या कॅरियरला बांधली जाईल आणि सहा महिने कुणीही काही मोजणार नाही. सहा महिन्यांत काय काय खाऊन होतं? मी म्हटलं, "हिरामण, ठेव ती. आजची रात्र लागेल."

"कनाला?" तो म्हणाला. "सगला बरा हाय ना?" मी म्हटलं, "नाही. मी न बघता लिहिलं." एवढंच म्हणालो. मला वाटलं, आता हा हसेल. त्याला हसायचा हक्क होता. तो हसला नाही. त्यानं पेटी काखेतून काढून दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "कंपाउंडरला मी बगतू. तुमी पोरीचा बगा." जिन्यावरून त्याच्या चपलांचा आवाज खाली जाईपर्यंत मी पेटी धरून दारात उभा होतो. मागं अरुणाची हालचाल थांबली होती.

ती स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी होती. मी वळून म्हटलं, "अरुणा, रात्रीची रीडिंगं खोटी आहेत. मी उठलोच नाही. आत्ता दुपारी झोपेत घेतलं, एकशे चौतीस आहे." मला वाटलं ती ओरडेल, रडेल, मला काय वाट्टेल ते बोलेल. मी त्याची वाटच बघत होतो. ती म्हणाली, "माहीत आहे मला." माझा विश्वास बसेना. "मी जागीच असायची," ती म्हणाली, अगदी हळू, कारण पोर अजून झोपलेली होती. "दोन वाजले की तुमचा श्वास बदलायचा. मला कळायचं, जागे झालात. आणि मी देवाला म्हणायची, उठू देऊ नकोस यांना. तुम्ही नाही उठलात की मला बरं वाटायचं. पहिल्या रात्री तुम्ही काचेवर टिचकी मारलीत, ती ऐकली मी. एकदा मारलीत, मग परत मारलीत. तेव्हाच समजले."

मला संताप आला. तिचा आला, माझा आला, कुणाचा ते धड कळेना. "मग बोलली का नाहीस? डॉक्टरांसमोर बसून होतीस!" "तुम्ही पण बसून होतात," ती म्हणाली. "शीर, ऑपरेशन, ऐकलंत ना ते काय म्हणाले होते? एवढ्याशा पोटाला कापणार. मला वाटलं, तुम्ही लिहिलंय ना उतरलं म्हणून, मग उतरेलसुद्धा. कागदावर आलं की खरं होतं, असं वाटतं ना माणसाला?" असं वाटतं, हे मला तिनं सांगायला नको होतं. सात रात्री आम्ही दोघं त्या खोलीत एकमेकांपासून हातभर अंतरावर जागे पडून होतो, एकमेकांना फसवत, आणि मध्ये ती पोर बाही वर करून, हात बाहेर ठेवून गाढ झोपली होती. मी अरुणाचा हात धरायला गेलो. तिनं तो सोडवला नाही, पण धरलाही नाही. "उद्या पहिली बस कितीची?" तिनं विचारलं. मी म्हटलं, साडेपाचची. "मग तिचे कपडे आत्ताच भरते. ॲडमिट करतील."

संध्याकाळी स्मिताला सांगितलं की उद्या परत जायचंय, कागदात बाबांची चूक झाली. तिनं विचारलं, "गणिताची?" अरुणा म्हणाली, "हो, तसलीच." बिनमिठाचं वरण तिनं निमूटपणे खाल्लं आणि नेहमीच्या वेळी झोपली. डॉक्टर काय म्हणतील याचा मी खूप वेळ विचार केला. ते मला हाकलतील, त्या विद्यार्थ्यांसमोर उभं करतील, दिवसाचे आकडेही खोटेच धरतील. धरू देत. त्यात माझी अब्रू जाईल, पोरीचं काही जाणार नाही. हे मनात आल्यावर जरा हलकं वाटलं, आणि त्या हलकं वाटण्याचीही लाज वाटली.

दोन वाजता मी उठून बसलो तेव्हा अरुणा आधीच उठून बसलेली होती. तिनं बॅटरी घेतली. मी पट्टा बांधला, नळ्या कानात घातल्या आणि पारा चढवला. पहिला ठोका आला तसं मी बोटानं खूण केली. अरुणा नळीवर वाकली, डोळे बारीक करून तिनं रेघा मोजल्या. आजवर तिनं एकदाही त्या मशीनकडे बघितलं नव्हतं. "एकशे तीस," ती कुजबुजली. मी खालचा आकडा सांगितला. तिनं वहीचं पान गुडघ्यावर घेतलं, वर तारीख घातली, वेळ लिहिली, दोन्ही आकडे लिहिले आणि वही माझ्यापुढं धरली. "बरोबर आहे ना?" मी पाऱ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, स्मिताच्या हाताकडे पाहिलं. म्हटलं, "हो. बरोबर आहे." तेव्हा कुठं ती रडायला लागली, पोर जागी होऊ नये म्हणून पदर तोंडात घट्ट धरून.